मास्तरांच्या दारात पोळा

नवे मास्तर विंचवाला भीत नसत. खडूच्या डब्यातून विंचू निघाला तर चपलेने त्याचा निकाल लावून ते पुढचा शब्द लिहायला घेत. ते भीत बैलाला. हैदराबादेत वाढलेल्या माणसाने बैल पाहिलेला असतो तो गाडीला जुंपलेला. आमच्या गावात तो मोकळा आणि समोरून येई, आणि मास्तर शेजारच्या बोळात शिरत. गावाने हे पाहिलं होतं, पण कोणी काही म्हटलं नव्हतं. एवढा शिकलेला माणूस, कशाला तरी भ्यायलाच हवा, असं गावाचं एकूण मत होतं.

राज्य निजामाचं, शाळा सरकारी, शिकवणं उर्दूत. मारुतीच्या देवळासमोर एक खोली होती ती शाळा, आणि तिच्या मागे मास्तरांचं एकट्याचं बिऱ्हाड. वर्गात कुणब्यांची पोरं, दोन मुसलमान शेतकऱ्यांची, तीही घरी मराठीच बोलणारी, धनगराचे दोघे भाऊ आणि मी. मुलगी मी एकटीच. आम्हाला उर्दू येत नव्हती आणि मास्तरांना मराठी येत नव्हती, त्यामुळे पाढे फार लवकर पाठ झाले.

मला शाळेत घातलं होतं ते एका अटीवर, शाळा संपली की लग्न. कनेरगाव नाक्याकडची माणसं मला पाहून गेली होती. वडील त्यांना म्हणाले होते की शाळा चालू आहे तोवर थांबा, शाळा सुटली की बोलू. मी नऊ वर्षांची होते. नवरदेवाला मी औंढ्याच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं, तेव्हा तो पाळण्यात बसून रडत होता. मला त्याचा राग नव्हता. पण मला सातवा धडा हवा होता, कारण सहावा अर्धा झाला होता.

पोळा तोंडावर आला तेव्हा पोरांनी मास्तरांना कसंबसं सांगितलं की उद्या आम्ही येणार नाही, बैलांचा सण आहे. मास्तरांनी शांतपणे विचार केला आणि म्हणाले, सण बैलांचा असेल तर सुट्टी बैलांनी घ्यावी. जो येणार नाही त्याचं नाव कमी होईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. धनगराच्या घरी मेंढरं होती, बैल नव्हता, म्हणून ते दोघे. आणि नाव कमी झालं तर माझं थेट कनेरगाव नाकाच होतं, म्हणून मी. मायने एकटीने पुरण वाटलं आणि त्याबद्दल ती मला पुढे बरीच वर्षं ऐकवत राहिली. मास्तरांनीही हट्टाने आम्हा तिघांना दिवस कलेपर्यंत शिकवलं.

तिकडे वेशीजवळ गाव वेगळंच ठरवत होतं. तोरणाखालून सुटलेले बैल मारुतीला जातात आणि मग दारोदार. ज्या दारात बैल जाईल त्या घराने त्याच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, पुरणपोळी खाऊ घालायची. मारुतीनंतरचं पहिलं दार दरवर्षी पाटलाचं असे. त्या वर्षी पाटील म्हणाले, मास्तर परका माणूस, सणासुदीला एकटा, तर पहिला मान त्यांना द्या. सगळ्यांना पटलं. मास्तरांना कळवायचं मात्र कोणाला सुचलं नाही, कारण पोळ्याला दारात बैल आल्यावर काय करायचं हे न कळणारा माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. पुढे चालायची जोडी त्या साली आमची होती.

हलगी जवळ आली तसे मास्तर खिडकीशी गेले. त्यांना दिसलं ते असं. काल ज्यांना धमकी दिली ती सगळी पोरं, त्यांचे बाप, बापांच्या हातात काठ्या, आणि गावातले झाडून सगळे बैल. शिंगं लाल रंगवलेली. आणि सगळे सरळ शाळेकडे येऊन राहिलेले. त्यातून शहाण्या माणसाने जो अर्थ काढला असता तोच त्यांनी काढला. दाराला कडी घातली, दाराशी टेबल लावलं आणि आम्हाला कोपऱ्यात बसवलं.

मी सांगून पाहिलं. पण माझी उर्दू सहाव्या धड्यापर्यंतची. त्यात दिवा होता, पोपट होता, बाग होती, बैलाचा मान कुठेच नव्हता. मी त्यांची बाही ओढून ‘बैल अच्छा, बैल अच्छा’ म्हणत राहिले. मास्तरांनी मला गप्प बसवलं आणि खिडकीतून ओरडले की तहसीलला कळवीन, एकेकाला आत घालीन.

हलगी थांबली. दाराच्या फटीतून मला वडील दिसले, हातात कासरा धरलेले. त्यांनाही मी दिसले असणार. आमच्या थोरल्या बैलाने दारावर मान घासली, टेबल थोडं सरकलं, मास्तरांनी अल्लाचं नाव घेतलं. वडील जरा वेळ थांबले. मग त्यांनी बैल वळवला. सुतक असलं तर त्या दारात बैल मुळात नेत नाहीत. नेलेला बैल तसाच परत फिरवावा लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

रात्री जेवताना ते मला एवढंच म्हणाले, “ज्या दारात बैलाला पाणी न्हाई, तिथं लेकरू काहून धाडायचं?”

दुसऱ्या दिवसापासून शाळेत कोणी गेलं नाही. धनगरानेही पोरांना मेंढरांमागे लावलं. मास्तर रोज वेळेवर घंटा वाजवत, जरा वेळ दारात उभे राहत आणि आत जात. आमच्या घरी कनेरगाव नाक्याच्या माणसांना निरोप धाडायची भाषा सुरू झाली. मला मास्तरांचा भयंकर राग आला होता. बैलाला भ्यायचं तर भ्या, पण त्यापायी माझा संसार कशाला मांडता, असं मला वाटे, आणि मी शेण थापता थापता रडे.

एका सकाळी मी पाणी आणायला निघाले होते. मास्तर शाळेच्या पायरीवर बसलेले होते. त्यांनी हाक मारून विचारलं, “तू कायकू नहीं आती?”

मी घागर खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. मराठीत, उर्दूत, आणि राहिलेलं हाताने. मीच बैल झाले, पाणी ओतून दाखवलं, कपाळाला बोट लावलं, पोळी खाल्ली. मास्तर समजत गेले तसे त्यांचे कान लाल झाले. ते उठले, आतून तांब्या भरून आणला आणि म्हणाले, अभी बुलाओ. मी म्हटलं, बैल असा येत नसतो. पोळ्याच्या आदल्या सांजेला गोठ्यात जायचं, जू वाहून दुखलेल्या त्याच्या खांद्याला हळद-तेल चोळायचं आणि त्याला आवतण द्यायचं. मग तो येतो. त्याची वेळ आता गेली, पुढच्या साली बघा.

काय म्हणायचं, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून दाखवलं. पाढा चुकला की ते आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करायला लावत, तसं मीही लावलं. वेळ गेली, हेही मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी ते आमच्या गोठ्यात आले. हातात वाटी होती, वाटीत हळद-तेल. मागून गावातली निम्मी माणसं, कारण पोळा उलटल्यावर खांदे चोळायला निघालेला माणूस रोज बघायला मिळत नाही. कोणी हसलं नाही. वडील दावणीशी उभे होते, ते तसेच उभे राहिले.

मास्तर थोरल्या बैलाच्या बाजूला गेले. हात होता होईल तेवढा लांब केला. बैलाने मान वळवून पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच खांदा चोळू लागले. तेल बाहीवरून कोपरापर्यंत ओघळलं. मग ते म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” एक शब्द चुकला नाही. मला इतका अभिमान वाटला की मी मायचा पदर तोंडात धरला.

वडिलांनी मास्तरांच्या हातातली वाटी घेतली आणि धाकट्या बैलाला स्वतः तेल लावलं.

“उद्या न्हाई जमायचं, मास्तर,” ते म्हणाले. “उद्या बैलाला काम हाय. त्याच्याबदली लेकरू येईल.”

मास्तरांना हे किती समजलं मला माहीत नाही. सकाळी मी पाटी घेऊन गेले तेव्हा ते शाळेच्या दारात उभे होते, हातात भरलेला तांब्या. बैलाच्या जागी मला पाहून ते थोडे गोंधळले. तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली वाकले.

मी पाय पुढे केले.