आमच्या गल्लीतली जुनी घरं पाडू देणार नाही

मंडळी, आज मी पहिल्यांदाच खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या सभेत बोलले. तेही माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये!

नायमेखनजवळच्या आमच्या गावात शंभरेक वर्षांपूर्वीची बुटकी, टुमदार घरं आहेत. उतरती कौलं, हाताने कोरलेली दारं, रंगीत काचांच्या खिडक्या. मालक कंपनीला ती पाडून तिथे फ्लॅट बांधायचे आहेत.

शेजारच्या आन्सआजी त्यातल्याच एका घरात जन्मल्या. आज त्या बोलायला उठल्या आणि त्यांना रडूच आवरेना. मग मी माईक घेतला.

एक सदस्य मला म्हणाले, "तुम्ही तर भाडेकरू. उद्या भारतात परत जाल."

मी म्हटलं, "जाईनही कदाचित. पण ही घरं इथेच राहायला हवीत. दुरुस्त होतात का ते आधी तपासा, मग पाडायचं बोला."

शेवटी तपासणी होईपर्यंत पाडकाम थांबवायचं ठरलं. घरं अजून वाचलेली नाहीत, पण आम्हाला वेळ मिळालाय. शनिवारी सगळे शेजारी आन्सआजींकडे जमून पुढचं ठरवणार आहोत.

तुमच्या गावात असं झालं, तर "आपलं काय जातंय" म्हणून गप्प बसाल का?