गाण्याची खबर

पेणच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर माझी म्युझिक कंपनी होती. कंपनी म्हणजे एक कॉम्प्युटर, एक माइक, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि मी. गायिकाही एकच. ती मूळची वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातली, लग्न होऊन रोह्याला गेलेली. हळदीची गाणी तिच्यासारखी म्हणणारी बाई मी दुसरी ऐकली नाही. मला ती भाई म्हणायची. माझा सख्खा भाऊ बायकापोरांसह गल्फला. अम्मा गेल्यावर मला नात्याने हाक मारणारं इथे तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

आमची जाहिरात पायी चालायची. गाणं तयार झालं की मी पेनड्राइव्ह खिशात टाकून निघायचो. आधी पेणचे गणपतीचे कारखाने. तिथे माणसं दिवसभर मान खाली घालून काम करतात, कान मात्र रिकामे असतात. शिवाय मूर्ती न्यायला गावोगावचे लोक येतात आणि जाताना गाणंही घेऊन जातात. मग वडखळच्या नाक्यावरचे चहावाले, कोलाडची हायवेवरची हॉटेलं, हळदीला वाजवणाऱ्या बँजो पार्ट्या. एकच गाणं मी वर्षभर फिरवायचो. लोक विचारायचे, दुसरं काही नाही का रे? नसायचंच.

गुरुवारी दुकान बंद. त्या दिवशी दुपारच्या गाडीने मी रोह्याला जायचो आणि तिला खबर द्यायचो. खबर हा आमचा शब्द. गाणं कुठे वाजलं, ऐकून कोण काय म्हणालं, सगळं सांगायचं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर मला म्हणाला होता की दुसऱ्या कडव्यात बाई आवाज खाली आणते तेव्हा माझा ब्रश आपोआप थांबतो. हे सांगितलं तर ती उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. वाईट खबरही मी लपवायचो नाही. एका हळदीत बायकांनी तक्रार केली, चाल फार वर जाते, आमच्या गळ्याला पोचत नाही. तिने ते गाणं खालच्या पट्टीत पुन्हा म्हटलं.

मग मुंबईच्या एका मोठ्या म्युझिक कंपनीचा तिला फोन आला. तिने घरी सांगितलं, मला कंपनीने घेतलं. रोह्यात कंपनी म्हणजे केमिकलची, त्यामुळे सासूने विचारलं, शिफ्ट कुठली? आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मीच म्हणालो, जा. तिने विचारायच्या आधी म्हणालो, कारण तिने विचारलं असतं तर माझ्या तोंडून तो शब्द निघाला नसता.

मोठ्या कंपनीचं काम मोठं, यात वाद नाही. तिचं गाणं यायच्या आधी गाण्याची झलक आली, पोस्टर आलं, रील करणारी पोरंपोरी ठरवून नाचली. पण त्यांना गाण्यातले पंधरा सेकंदच हवे होते, तेही पहिल्या कडव्याचे. त्याच आठवड्यात त्यांची आणखी कितीतरी गाणी आली. जे चार दिवसांत पळालं त्याच्यामागे सगळे धावले. तिचं पळालं नाही. मग तिचा फोन त्या ऑफिसात एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागला. मी इथे दुकानात बसून तिचं गाणं किती जणांनी ऐकलं तो आकडा रोज बघायचो आणि तो हलेनासा झाला तेव्हा मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

गुरुवारीही मी दुकान उघडायला लागलो. गाणं आता माझं नव्हतं, ते फिरवायचा मला अधिकार नव्हता, असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे रुसलो होतो. पन्नाशीतला एकटा माणूस रुसला तर कोणाला कळतही नाही. गिऱ्हाइकं यायची आणि स्क्रीन बदलून जायची.

दोन-अडीच महिन्यांनी तिचा फोन आला.

"भाई, खबर काय हाय?"

मग तीच सांगायला लागली. कंपनीवाले आकडा सांगतात, पण ती माणसं कुठली, काय म्हणाली, ते कोणी सांगत नाही. कोणाच्या कानातच गेलं नसेल तर गाणं सोडते, एका पोळीभाजी केंद्रात कामाला बोलावलंय तिथे जाते. मी म्हणालो, गुरुवारी येतो.

मधे तीन दिवस होते. मनात आणलं असतं तर कारखान्यात जाऊन चार माणसांना ते गाणं ऐकवता आलं असतं. गेलो नाही. कोणी बंद करा म्हणालं असतं तर ते मी तिला कसं सांगणार होतो? ती गायची थांबली तर मला रोह्याला जायला कारण उरणार नव्हतं, एवढंच डोक्यात घोळत होतं. गाडी कासूला थांबली तेव्हा खिडकीतून एका घरापुढे मांडव दिसला. तिथून रोह्यापर्यंत मी खबर रचली.

तिची सासू आत झोपली होती. तिने मला दारात खुर्ची दिली आणि आपण उंबऱ्यावर बसली. मी सुरुवात केली. काल कासूला हळद होती, बँजोवाल्यांनी तुझं गाणं वाजवलं, त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितलं. एक म्हातारी खुर्चीत बसली होती. दुसऱ्या कडव्याला तिच्या डोळ्यांना धार लागली, पुन्हा लावा म्हणाली. सांगता सांगता मला ती म्हातारी दिसायलाही लागली होती.

ती खाली बघत ऐकत होती.

"भाई, काल कासूला मीच होते," ती म्हणाली. "माझ्या मावसबहिणीच्या पोरीची हळद. माझं गाणं वाजलंच नाय."

मी चपला शोधायला लागलो. आता ही मला पुन्हा दारात उभं करणार नाही, असं वाटलं.

"बसा. त्या म्हातारीचं सांगा अजून."

मग मी सांगितलं. म्हातारीला हिरवं लुगडं नेसवलं, शेजारी सून बसवली, ती सुनेला काय म्हणाली तेही सांगितलं. ऐकताना ती मान हलवत होती. मधेच तिने विचारलं, रडली म्हणालात ना? मी म्हणालो, हो, खूप रडली.

पुढच्या महिन्यात ती पोळीभाजी केंद्रात लागली. तिची सुट्टी सोमवारी असते. सोमवारी दुकान बंद ठेवायला मला कोण अडवतंय, पण तिने गाणंच सोडल्यावर मी खबर कशाची नेणार?