कुठला व्हेला?

मॅकेच्या ऊसपट्ट्यात माल्टाहून येऊन वसलेली व्हेला आडनावाची माणसं पोत्यानं सापडतात. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची माल्टाची रीत. त्यामुळे लोरेंझो व्हेलाच चार-पाच निघतील. म्हणून तिथे माणूस ओळखतात तो टोपणनावानं.

हेक्टरच्या वडिलांचंही नाव लोरेंझोच, पण टोपणनाव होतं फेनेक. म्हणजे माल्टी भाषेत ससा. बोटीतून उतरल्यावर पहिल्याच हंगामात ते ऊसतोडीच्या टोळीत लागले. तोडणीआधी फड पेटवतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जाळ उठला तसा हा पोरगेला माणूस टोपी हातात घेऊन जो सुटला, तो थेट ओढ्यात. त्यांच्या पुढेमागे फडातले उंदीर पळत होते. टोळी पोट धरून हसली. त्या दिवसापासून ते ससा झाले. घरी सशाचं कालवण शिजलं की त्यांचा टोळीतला जोडीदार चेन्सू दारातूनच ओरडायचा, "सशा, आहेस का रे? की तुलाच शिजवलंय?" म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा आणि फोनसुद्धा "ससा बोलतोय" म्हणून उचलायचा.

हेक्टरला मात्र त्या नावाचा काच होता. शाळेत पोरं त्याच्या दप्तरात गाजरं टाकत. पुढे तो साखर कारखान्याच्या कचेरीत लागला, तेव्हा त्यानं वडिलांना एकदाच सांगितलं, "पा, माझ्या साहेबांसमोर ते नाव नको." म्हातारा "बरं" म्हणाला. त्यानंतर कचेरीत फोन केला की "लोरेंझो व्हेला बोलतोय" म्हणायचा, जरासा अडखळत.

म्हाताऱ्याची इच्छा एकच होती. "कुणाचं मयत मी चुकवलं नाही. माझ्या वेळी चर्चच्या पायऱ्यांवर माणसं उभी दिसली पाहिजेत."

आजारी म्हातारा मंगळवारी इस्पितळातच वारला. दुसऱ्या दिवशी रेडिओवरच्या माल्टी कार्यक्रमात हेक्टरनं रीतसर कळवलं: लोरेंझो व्हेला यांचं निधन, गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये जपमाळेची प्रार्थना, शनिवारी अंत्यविधी.

गुरुवारी जपमाळेला घरचीच माणसं. बाकी बाकं रिकामी. हेक्टरची मुलगी मरियेला हळूच म्हणाली, "नान्नू आजोबांवर सगळे रागावलेत का, डॅड?" चेन्सूसुद्धा आला नव्हता, हे हेक्टरला फार लागलं.

शुक्रवारी सकाळी तो तणतणत नदीपलीकडे चेन्सूच्या घरी गेला. चेन्सू अंगणात पाखरांना दाणे घालत होता.

"ये रे पोरा! सशाला सोडलं का इस्पितळातून?"

हेक्टरचा राग जागच्या जागी विरला. "काका, पा गेले. मंगळवारी. रेडिओवर सांगितलं होतं."

"रेडिओ ऐकला मी. कुणी लोरेंझो व्हेला गेला म्हणत होते. मी हिला म्हटलं, तो वॉकरस्टन गावचा लोरेंझो असेल, लंबू म्हणतात तो." दाण्यांचा डबा त्याच्या हातातून सुटला. "ससा गेला? आणि मला जपमाळेला बोलावलं नाहीस?"

"त्याच नावानं तर कळवलं, काका."

"त्या नावानं त्याला ओळखतं कोण, गाढवा? सरकार!"

दुपारी कार्यक्रमाच्या वेळेला हेक्टर स्वतः रेडिओ केंद्रात गेला. तो माइकसमोर बसला. कचेरीतली माणसं ऐकत असतील, हेही मनात येऊन गेलं. मग तो म्हणाला, "मी हेक्टर. आपला ससा गेला. चेन्सूच्या टोळीतला. उद्या दहाला चर्चमध्ये या."

निवेदिका डॉरिसबाई माइक चालू आहे हे विसरूनच म्हणाल्या, "अगं बाई, ससा? मग परवा काय ते लोरेंझो लोरेंझो लावलं होतंस रे मेल्या!"

शनिवारी चर्चबाहेर गाड्या उसाच्या फडाच्या बांधापर्यंत लागल्या. आत जागा उरली नाही, माणसं पायऱ्यांवर उभी राहिली. जुन्या टोळीतल्या म्हाताऱ्यांनी पेटीला खांदा दिला. त्यांना ती पेलवेना, म्हणून खालून नातवांनी हात लावले. "हळू रे," चेन्सू म्हणाला, "आज त्याला पळायची घाई नाही."

पायरीवर एका आजीबाईंनी हेक्टरचा हात धरला. त्यांना आता नीट दिसत नव्हतं.

"तू कुणाचा रे?"

"व्हेलांचा," तो सवयीनं म्हणाला.

"कुठल्या व्हेलाचा?"

"सशाचा, आजी."

"मग तसं म्हण की," त्या म्हणाल्या आणि त्याचा हात धरून पायऱ्या उतरू लागल्या.