एन-सहा पिवळा का पडतो?

"मॅडम, पुन्हा पिवळा!" कल्पना प्लेट घेऊन माझ्या टेबलासमोर उभी. तिचा चेहरा बघूनच कळलं, एन-सहाच.

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये तेव्हा लेप्टोची टेस्ट किट बनत होती. लेप्टोचा जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून आपल्या अंगात शिरतो. त्याच्याशी लढायला शरीर अँटिबॉडी बनवतं. प्लेटमधल्या छोट्या खळग्यांत पिपेटने, म्हणजे मोजून थेंब सोडणाऱ्या नळीने, रक्ताचा सीरम टाकायचा. अँटिबॉडी असेल तर खळगा पिवळा होतो, नसेल तर स्वच्छ राहतो. किती पिवळा म्हणजे आजारी, ती रेघ आखायला निरोगी माणसांचं रक्त लागतं. त्याला कंट्रोल म्हणतात. आम्ही ते हाताशी होतं तिथूनच घेतलं. स्टाफमधले दहा जण, एन-एक ते एन-दहा. नावं नर्सने पाकिटात बंद केलेली.

नऊ खळगे स्वच्छ. एन-सहा तिसऱ्यांदा पिवळाधमक.

डायरेक्टर सरांनी मीटिंगमध्ये दोन मिनिटांत निकाल लावला. "कंटॅमिनेशन. पेशंटचा थेंब कंट्रोलमध्ये पडलाय. टेक्निशियन एरर लिहा आणि एन-सहा काढून टाका."

"सर, कल्पना सहा वर्षं पिपेट धरतेय. थेंब इकडचा तिकडे होत नाही तिच्याकडून."

"मग पिवळा कसा? तिचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय ना? बघू."

सरांच्या 'बघू'चा अर्थ अख्ख्या लॅबला ठाऊक होता. कल्पना उरणजवळच्या गावातली, घरात पहिली बी.एस्सी. एरवी छान शुद्ध बोलायची, पण त्या दिवशी तिची घरची बोली बाहेर आली. "मॅडम, माजा हात चुकत नाय. तुमी सांगा ना सरांना!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "उद्या तू लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाहीस." तिचे डोळे भरले. "अगं बाई, रडतेस काय? तुझ्यासाठीच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी नर्सने दहाही जणांचं रक्त नव्याने घेतलं. नळ्यांवर नुसते कोड. कल्पनाला कँटीनमध्ये बसवलं आणि पिपेट मी धरली, बऱ्याच वर्षांनी. दोनदा टिप खाली पाडली. पण जमलं.

एन-सहा पिवळा!

म्हणजे हात चुकला नव्हता. त्या रक्तातच अँटिबॉडी होती. रीतसर परवानगी काढून आम्ही पाकीट उघडलं. एन-सहा म्हणजे खुद्द कल्पना.

"पण ही तर ठणठणीत आहे!" सर म्हणाले.

तिला बोलावलं. "कल्पना, लेप्टो झाला होता का कधी?"

"नाय ओ मॅडम. भातलावनीला ताप येतो कदी कदी. दिवसभर चिखलात अनवानी उभं राहिल्यावर येनारच ना! गोळी घ्यायची, परत शेतात. आमच्या गावात सगळ्यांचंच असं हाय."

मी कपाळाला हात लावला. आजार बरा झाला तरी अँटिबॉडी पुढे बराच काळ रक्तात राहते. तिचा ताप कधीतरी लेप्टोचा असणार, आणि कुणी तपासलाच नव्हता. कंट्रोल म्हणून स्टाफ घ्यायचा, हा नियम माझाच. बूट घालून फ्लॅटमधून ऑफिसला येणाऱ्यांच्या रक्तावर मी रेघ आखत होते, आणि किट वापरली जाणार होती चिखलात राबणाऱ्यांसाठी. तशीच बाजारात गेली असती, तर उरणच्या किती धडधाकट माणसांना तिने आजारी ठरवलं असतं!

जुनी पक्की चाचणी दुसऱ्या लॅबकडून करून घेतली. त्या चाचणीनेही तेच सांगितलं, कल्पनाला लेप्टो होऊन गेला होता. मग कल्पनाच गावोगाव फिरली. सुईला घाबरणाऱ्या काकांना दटावून, मावश्यांना गोड बोलून तिने निरोगी माणसांचे नमुने आणले. रेघ नव्याने आखली. किट पास झाली.

सरांनी रिपोर्टमधली 'टेक्निशियन एरर' ही ओळ सगळ्यांसमोर खोडली. "कल्पना, चूक आमची होती," म्हणाले. कॉन्ट्रॅक्टचं पुन्हा कुणी 'बघू' म्हटलं नाही. या कामावरचा पेपर छापून आला तेव्हा लेखकांमध्ये तिचं नाव माझ्या आधी होतं. ते मीच घालायला लावलं.

आता मी रिटायर होऊन करंजाड्याला राहते. मोठमोठ्या जर्नलमधले माझे पेपर कपाटात आहेत. भिंतीवर फ्रेम एकच, ती या पेपरची. फार अभिमान आहे मला त्याचा.

कुणी नवीन संशोधक भेटायला आली की तिला फ्रेमसमोर उभी करते आणि सांगते, दुसऱ्याच्या हातावर शंका घ्यायची असेल, तर आधी स्वतः पिपेट धर.