कोकिळाबाईंची झडती

कोकिळाबाई जिरापुरे यांना हळू बोलता येत नाही. पिठाच्या चक्कीजवळ उभं राहून त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय लागली ती लागलीच. त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं, की ते चौकातल्या पानठेल्यापर्यंत ऐकू जातं. एकदा शेजारच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. कोकिळाबाईंनी मुलीच्या आईच्या कानात सांगितलं, "पोरगा बुटका हाय वं." पोरगा हातातला चहा तसाच ठेवून उठला. पुढे लग्न त्याच्याशीच झालं. पण आजही तो सासुरवाडीला आला आणि चक्कीवरून जायची वेळ आली, की टाचा जरा उंच करूनच चालतो.

चिचबर्डी हे त्यांचं गाव. दारव्ह्याहून जीप मिळते. जीप भरेपर्यंत जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात गाव येतं. नवरा विठ्ठलराव वावर, म्हणजे शेत, बघतात. कपाशी, सोयाबीन आणि मधे तुरीची तासं, म्हणजे ओळी. माणूस इतका मऊ बोलणारा, की बैलसुद्धा त्याचं म्हणणं ऐकायला मान वळवतात. मुलगी निकिता यवतमाळला कॉलेजात शिकते.

कोकिळाबाईंची खरी ओळख मात्र चक्कीमुळे झाली नाही, झाली ती पोळ्यामुळे. आमच्याकडे पोळ्याच्या संध्याकाळी सजवलेले बैल तोरणाखाली रांगेत उभे राहतात आणि शेतकरी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचा यमकाचा टोमणा. सरपंच, सावकार, जावई, बँकेतला साहेब, कुणालाही हाणावा. खुद्द महादेवालाही सोडत नाहीत आणि शेवटी आरोळी देतात ती त्याच्याच नावाची. ज्याला झोंबलं त्यानं पुढे येऊन उलट झडती म्हणायची.

हे काम पुरुषांचं. कोकिळाबाई घरी झडती रचून द्यायच्या, विठ्ठलराव तिथे म्हणायचे. एका पोळ्याला विठ्ठलराव दुसऱ्या ओळीवर अडकले. पुढचं काही आठवेना. लोक हसू लागले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून उरलेल्या ओळी अशा काही दणदणीत आल्या, की तोरणाखालचे दोन बैल दचकून मागे सरले. त्या वर्षीपासून बैलांची दोरी विठ्ठलरावांकडे आणि झडती कोकिळाबाईंकडे, अशी वाटणी झाली. काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण झडत्या चांगल्या असायच्या. म्हातारेच सगळ्यात जास्त हसायचे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात तुषारनाथ महाराज नावाचे एक गृहस्थ आले. मोठा मांडव पडला. कपाशीवरच्या बोंडअळीवर महाराजांचं मंत्रवलेलं पाणी फवारा, अळी पळून जाईल, असं सांगितलं गेलं. लोकांनी बाटल्या नेल्या. गावातला किराणा दुकानदार राजकुमार तर महाराजांचा निस्सीम भक्त. मांडवात पंगती वाढायला तो उभा होता आणि दुकानात गल्ल्याच्या वर महाराजांचा फोटो. विठ्ठलरावांनीही, बायकोला न सांगता, एक बाटली आणून कपाशीची दोन तासं फवारली. अळी कुठेच गेली नाही.

ही बाटली कोकिळाबाईंना गोठ्यात सापडली. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. पोळ्याला बोलल्या.

बोंडावर बसली गुलाबी अळी,
बाबानं पाजली मंतराची पळी.
अळी म्हने, बाबा, मले बी द्या दीक्षा,
वावरात फिरतो मांगत भिक्षा!
बोंडं खाऊ खाऊ अळी झाली जाडी,
बाबाच्या दारात उभी नवी गाडी!

हर हर महादेवची आरोळी उठली, ती बराच वेळ थांबेना. राजकुमार मात्र हसला नाही. तो बैल घेऊन गप्प निघून गेला, हे कोकिळाबाईंनी पाहिलं होतं.

निकितानं फोनवर याचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. आठवड्याच्या आत तो नागपूर-अमरावतीपर्यंत फिरला. लोक हसले, कुणी अळीला महाराजांसारखी टोपी घालून चित्रं केली. मग तो 'अग्निध्वज' नावाच्या एका टोळीच्या हाती लागला. ही टोळी महाराजांची नव्हती. महाराजांना ते कधी भेटलेही नसतील. धर्माचा अपमान कुठे झाला हे शोधत फिरायचं आणि सापडला की मारायला जायचं, एवढंच त्यांचं काम.

आधी फोन सुरू झाले. पहिला आला तेव्हा चक्की चालू होती.

"जीभ कापून टाकू तुझी!" पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"काय? जोरात बोला, चक्की चालू हाय!"

"जीभ! जीभ कापू!"

"कोनतं पीठ?"

"अरे पीठ नाही, जीभ! धर्माचा अपमान केला तू!"

"डाळीचं अर्ध्या घंट्यानं भेटन. ज्वारीचं उद्या या."

तो इसम बिचारा घसा बसेपर्यंत ओरडला आणि शेवटी त्यानंच फोन ठेवला. कोकिळाबाईंनी ही गोष्ट चक्कीवर आलेल्या प्रत्येक बाईला नक्कल करून सांगितली. तोवर सगळी मजाच होती.

मग एका दुपारी तीन मोटरसायकली आल्या. तोंडाला दुपट्टे बांधलेली पोरं उतरली. त्यांनी चक्कीचा पट्टा तोडला, वरचा लोखंडी डबा उलटवला, पिठाची पिंपं भिंतीवर आपटली. विठ्ठलराव गव्हाचं पोतं घेऊन येत होते. ते पोतं टाकून मधे आले, हात वर केला आणि लोखंडी रॉड त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज कोकिळाबाईंनी ऐकला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या तोंडून आवाजच निघाला नाही.

पोरं पळाली, पण नखशिखांत पांढरी होऊन पळाली. जीप थांब्यावरच्या लोकांनी तीन मोटरसायकलींवरून भुतं जाताना पाहिली आणि नंबरही पाहिले. पोलिसांनी तिघांना पकडलं. बाकीचे सापडलेच नाहीत. तिघांनाही पुढे जामीन झाला.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर कोकिळाबाईंना म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं बोला." हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगितलं असेल.

"तो व्हिडिओ काढून टाक," त्या निकिताला म्हणाल्या.

"आई, काहून? चूक त्यायची हाय."

"मले मालूम हाय कोनाची हाय. तू काढ. मले भ्या लागून राह्यलं."

निकितानं काढला. तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता, पण आईच्या समाधानासाठी काढला.

'अग्निध्वज'कडून निरोप आला, की बाईनं मारुतीच्या पारावर नाक घासून माफी मागावी, म्हणजे विषय संपला. नाहीतर पुढच्या वेळी घर. सरपंच विमलताईंनी पारावर गाव बोलावलं. विमलताई काही वाईट बाई नाही. पण गावात पुन्हा मोटरसायकली यायला नकोत, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

"कोकिळाबाई," त्या म्हणाल्या, "नाक-बिक राहू द्या. दोन शब्द बोला, चुकलं म्हना. आपल्याले कायले पाह्यजे हे झेंगट? पोरीचं शिक्षन हाय, विठ्ठलभाऊचा हात मोडला."

कोकिळाबाई खाली बघत बसल्या होत्या. त्यांनी मनात ठरवलंही होतं, की म्हणून टाकावं. हे नंतर त्यांनीच मला सांगितलं. तेवढ्यात मागून राजकुमार उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा आगीत तेल ओतणार.

"मले वहिनीची झडती आवडली नाही," राजकुमार म्हणाला. "तवाबी नाही, आताबी नाही. माह्या गुरूले अळीच्या रांगेत बसवलं. मी दोन रात्री जेवलो नाही."

मग तो पुढे पारापाशी आला.

"पन माह्या बापानं, आज्यानं, सगळ्यायनं याच तोरनाखाली देवाले शिव्या घातल्या आन् त्याच देवाचं नाव घेतलं. ज्याले झोंबलं त्यानं झडतीनं उत्तर द्यावं. मले पुढच्या पोळ्याले उत्तर द्याचं हाय. आज वहिनी नाक घासन, तर मी कोनाले उत्तर देऊ? आन् हे रॉडवाले कोन हायत माह्या गुरूचे वकील? मी धाडलं होतं का त्यायले? महाराजानं धाडलं होतं का?"

"महाराज तर म्हनले मले काहीच मालूम नाही," कोणीतरी म्हणालं.

"मंग त्यायनं रॉडवाल्यायले दटावाले पाह्यजे होतं. तेही त्यायनं केलं नाही. तेबी मले आवडलं नाही," राजकुमार म्हणाला आणि खाली बसला. एवढं बोलून त्याला धाप लागली होती.

कोकिळाबाई उठल्या. आवाज अजून पुरता परत आला नव्हता, म्हणून लोक ऐकायला पुढे सरकले.

"राजकुमारभाऊ, तुमच्या मनाले लागलं, ते मले पोळ्यालेच दिसलं होतं. मी तुमच्या घरी येतो, चहा घेतो, तुमचं सगळं आयकून घेतो. झडती मागं घेत नाही, पन आयकून घेतो. आन् माह्या नवऱ्याचा हात मोडनाऱ्याले मी 'चुकलं' म्हननार नाही. त्यायच्याशी कोर्टात बोलीन."

विमलताईंनी एक मोठा श्वास सोडला. "झालं तर मंग," त्या म्हणाल्या. "आता पुढचं पाहाले लागन."

पुढचं गावातल्या बायकांनी पाहिलं. चक्की दुरुस्त होऊन सुरू झाली, पण कोकिळाबाई दाराची कडी लावून आत बसायच्या. मोटरसायकलचा आवाज आला की हातातलं सूप खाली पडायचं. एक दिवस तांड्यावरची लालीबाई मूठभर हरभरे घेऊन दळायला आली. दळण दोन मिनिटांत झालं. लालीबाई ओट्यावर बसून राहिली.

"झालं वं तुह्यं पीठ," कोकिळाबाई म्हणाल्या.

"हाव, दिसते मले. बसू दे ना."

दुसऱ्या दिवशी बिजलीबाई पावशेर ज्वारी घेऊन आली आणि तीही बसली. मग रोजच कोणी ना कोणी यायला लागलं. इतकं कमी दळण आणि इतकी गर्दी चिचबर्डीच्या चक्कीनं कधी पाहिली नव्हती. बायका तिथे तूर सोलायच्या, सुनांच्या चहाड्या करायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या. गावाबाहेरचा मोटरसायकलवाला दिसला की आठ-दहा जणी एकदम उभ्या राहून त्याच्याकडे बघायच्या. एकदा खताच्या कंपनीचा एक एजंट आला होता. तो गाडी वळवून खत न विकताच गेला. कधीतरी कडी निघाली ती पुन्हा लागली नाही. कोणत्या दिवशी, ते कोकिळाबाईंनाही आठवत नाही.

राजकुमारच्या घरचा चहाही झाला. तिथे दोघांचं जोरात भांडण झालं. बाटलीतल्या पाण्यावरून सुरू झालं आणि देव आहे की नाही इथपर्यंत गेलं. देव आहे यावर दोघांचं एकमत निघालं. बाटलीवर नाही निघालं.

पुढचा पोळा आला तेव्हा मैदानावर पोलिसांची गाडी उभी होती. 'अग्निध्वज'नं पुन्हा निरोप धाडला होता, पण ते आले नाहीत. विठ्ठलरावांचा हात बरा झाला होता, फक्त पूर्ण सरळ होत नव्हता. म्हणून दोरी त्यांनी डाव्या हातात धरली होती. राजकुमार पुढे आला. वर्षभर तयारी केली होती त्यानं.

कोकिळा म्हनते मी बाबाले हासतो,
नवरा तिचा देवापुढं रोज नाक घासतो.
देव म्हने मांग बापा, काय देऊ दान?
बायको गप होऊ दे, वाचू दे कान!

मैदान हसून लोळायला लागलं. विठ्ठलराव सगळ्यात जास्त हसले आणि बायकोनं बघितल्यावर एकदम बैलाची झूल नीट करायला लागले.

मग कोकिळाबाई पुढे झाल्या. रस्त्यावर मोटरसायकल नाही ना, हे त्यांनी एकदा पाहून घेतलं.

रॉड घेऊन आले धर्माचे रखवाले,
पिठात लोळून पांढरेफटक झाले.
देवानं इचारलं, कोन तुम्ही बाप्पा?
कोनाच्या हुकमानं मारता गप्पा?
माह्यी राखन करता, तं सांगा मले आधी,
मी कधी म्हटलं, मी आजारी, द्या औषधी!

आरोळी झाली. राजकुमारनंही दिली. बंदोबस्तावरची वैष्णवी नावाची तरुण पोलीस शिपाई गर्दीतून वाट काढत कोकिळाबाईंकडे आली.

"मावशी, मले रिपोर्टात लिहाले लागते, तुम्ही काय म्हटलं ते. शेवटची ओळ आयकू नाही आली."

"आयकू नाही आली?" कोकिळाबाईंनी विचारलं. त्यांच्या झडतीवर असला आरोप आजवर कोणी केला नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि सगळी झडती पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हटली. वैष्णवी लिहायचं सोडून तोंडावर हात ठेवून हसत उभी राहिली. मग रिवाजाप्रमाणे पोळा फुटला, तोरण तुटलं आणि बैल सुटले.

कोर्टातली केस अजून चालू आहे. राजकुमार अजूनही महाराजांच्या मांडवात वाढायला जातो. त्याचा गहू कोकिळाबाईच दळतात, आणि पीठ जाडं पडलं म्हणून तो दर वेळी कुरकुरतो.