बिडीच्या धाग्यानं शिवलेली पानं

आमच्या घरची सगळी युद्धं बिडीच्या सुपापाशी झाली. बाबा एसटीत कंडक्टर होते. ड्युटी नसली की गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं एखादं लढाईचं पुस्तक घेऊन ते दवनीवाड्याच्या आमच्या ओसरीत बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. माय आणि शेजारच्या बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळता वळता ऐकायच्या. माझा धाकटा भाऊ तर बाबांच्या गुडघ्याला चिकटलेलाच. सेनापतीनं नदी ओलांडायचा हुकूम दिला की बाबांचा आवाज असा चढायचा की बायांचे हात थांबायचे. "हळू वाचा ना कंडक्टर, गाडीत ओरडून राहिले का?" अशी एखादी बाई टर उडवायची.

एक मात्र होतं. मरणाची पानं बाबा वाचत नसत. कोण पडलं, घरी खबर कशी गेली, मायबापाचं काय झालं, ती सगळी पानं ते बिडीच्याच धाग्यानं कडेला शिवून टाकायचे. वाचताना तिथं पोचले की खोकायचे आणि जाड गठ्ठा एकदम उलटायचे. बाया समजायच्या, लढाई जिंकली, सारे घरी आले. मला ते माहीत होतं. मायला माहीत नाही, असं आम्हा बापलेकींना वाटायचं.

भाऊ फौजेत गेला तेव्हा मायनं एकच वाक्य धरून ठेवलं, "तुमच्या पुस्तकायनं नेला माझा पोट्टा." बाबा कधी उलटून बोलले नाहीत. पुस्तकं माळ्यावर गेली आणि ओसरीतलं वाचन बंद झालं.

मग सीमेवर गडबड सुरू झाली. भावाचा फोन आला, "थोडे दिवस फोन नाही लागणार, टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका म्हणे! घेऊ नको तर काय करू? कुडव्याला माझ्या घरी टीव्हीवर ती कोट घातलेली माणसं किंचाळत होती, घुसा, संपवा. यांच्या घरचं कोण जाणार आहे घुसायला? मी टीव्ही बंद केला, पुन्हा लावला. भाजी करपली. नवऱ्यावर उगाच खेकसले. शेवटी गाडी काढली आणि दवनीवाड्याला आले.

बाबांनी माळ्यावरची पुस्तकं खाली काढली होती आणि त्यांच्यामध्ये बसले होते. मला पाहून म्हणाले, "मी त्याले अर्धीच लढाई सांगितली ना बाई. पोट्ट्याले वाटलं असन, सारेच वापस येतात."

माय सुपातून मान वर न करता म्हणाली, "शिवलेली पानं वाच."

"तुले कसं माहीत?"

"धागा माझाच जाते ना? अन् तुझा बाप बरोबर तिथंच खोकलते."

मी चिडले. "काऊन वाचू? आज हेच ऐकाचं आहे का तुले?"

"फोन नाही येऊन राहिला. जे होऊ शकते, ते एकदा ऐकू दे मले."

तिच्यापुढं माझं काही चाललं नाही. बिडीची पानं कापायची तिची कैची घेतली आणि पुस्तक उघडलं. धागा आधीच कापलेला. दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं, तेच. पानं नीट दाबून ठेवली होती, वरून कळू नये अशी. बाबांकडं पाहिलं तर ते माझ्याहून गोंधळलेले.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ! घाईत मला स्पीकरचं बटण सापडेना. तो भराभर बोलत होता, "ठीक आहो मी. जेवलो. जास्त नाही बोलता येत." माय नुसती "हो रे, हो रे" करत राहिली. मग बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "पुस्तकातले धागे तू कापले का रे?"

"हो बाबा. भरतीले जायच्या आधी. सारं वाचलं होतं."

"अन् तरी गेला?"

"तरी गेलो. तुम्ही जिवाले लावून घेऊ नका." आणि लाईन कटली.

बाबा भिंतीला टेकले. इतक्या वर्षांत त्यांचे खांदे असे सैल पडलेले मी पाहिले नव्हते. मलाही हायसं वाटलं, मी हसलेसुद्धा. मायकडं पाहिलं तर तिचं तोंड वाकडं झालं होतं आणि ती सुपातच रडत होती. भाऊ फौजेत गेला त्या दिवशीही ती रडली नव्हती.

"माय, बोलला ना आता तो! ठीक आहे म्हणते!"

ती बाबांना म्हणाली, "इतके दिवस तुमच्यावर राग काढून काढून मी जगली. आता कोणावर काढू?"

बाबा खोकले नाहीत. मी पुन्हा नंबर लावला. फोन बंद होता.