वहिनीला सांगितलेला जर्मन सिनेमा

मी मुळातच भित्री भागूबाई. लहानपणी पालीला घाबरायचो, मोठेपणी गाइडला. त्यामुळे ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पिस्कॅटवेला पीएच.डी. करत असताना एका रविवारी दुपारी माझी गाळण उडाली, यात तसं नवल नाही. पण ती एका विनोदी सिनेमाने उडवली, हे मला अजून पटत नाही.

माझा मित्र आणि मी शाळेपासूनचे. नागपुरात एका बाकावर, अमेरिकेत एका अपार्टमेंटमध्ये. तो सुट्टीत जाऊन लग्न करून आला तेव्हा मी दुसरी जागा शोधायला लागलो, तर म्हणाला, "बस की गुपचूप. तुला एकट्याला साधा भात तरी लावता येतो का?" हसून म्हणाला. तो सगळंच हसून म्हणायचा. मग बेडरूम त्यांची आणि हॉलमधला सोफा माझा, असं ठरलं. त्याची बायको मला भावजी म्हणायची, मी तिला वहिनी.

वहिनी मराठी माध्यमातली बी.ए. इंग्लिश वाचायची, पण सावकाश, आणि बोलताना अडखळायची. मित्र तिची नक्कल करायचा. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, दहा जणांसमोर, हिने दुकानात काय विचारलं आणि कॅशियर कसा बघत राहिला, ते साभिनय. लोक हसायचे. मीही हसायचो. तीसुद्धा हसायची, काय करणार! नंतर तो म्हणायचा, "अगं, गंमत केली." माणूस वाईट नव्हता हो, हे मी आजही ठणकावून सांगेन. पण व्हिसामुळे तिला काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, दिवसभर चार भिंती, आणि संध्याकाळी ही गंमत.

घरी पत्रं जायची ती घडी घालून चिकटवायच्या निळ्या एअरोग्रामवर. आमच्यातल्या सगळ्या जोडप्यांची एकच रीत होती. वरचा मजकूर बायकोचा, खाली उरलेल्या जागेत दोन ओळी नवऱ्याच्या, आणि मग तोच चिकटवून पेटीत टाकणार. म्हणजे वाचूनच टाकणार. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी, मित्र लॅबमध्ये असताना, वहिनी पोळ्या लाटता लाटता थांबली. "भावजी, तुमच्याजवळचं एक कोरं एअरोग्राम द्याल? ह्यांना सांगू नका."

तिने भावाला लिहिलं, मला इथून घेऊन जा. काय लिहिलंय ते मला सांगितलं आणि ओट्याला धरून रडली. पत्र मीच नेऊन टाकलं. पेटीचं झाकण पडलं आणि मग मी विचार करायला लागलो. मित्राला कळलं तर तो म्हणणार, माझ्या घरात राहून माझाच संसार मोडलास. नाही सांगितलं तर एक दिवस ती निघून जाणार, आणि मला ते आधीपासून माहीत असणार. वीस वर्षांची मैत्री, यार! चार दिवस मला जेवण गेलं नाही.

रविवारी युनिव्हर्सिटीत जर्मन कॉमेडी होती. "चला, हिला जरा हसवू," मित्रच म्हणाला. "सुतकी चेहरा करून बसलेली असते नुसती."

सिनेमात एक नवं जोडपं. नवरा सदा मोटारसायकल उघडून बसलेला, आणि त्यांच्याकडे पडीक असलेला त्याचा जिवलग दोस्त. संवाद जर्मन, खाली इंग्लिश ओळी, वाचेवाचेपर्यंत गायब. वहिनी आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. पाचच मिनिटांत मित्राने विचारलं, "कळतंय का काही, की नुसती चित्रं बघतेस?" मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, मी सांगतो." घ्या! आपल्या तोंडाने आफत ओढवून घेतली.

थोडा वेळ बरं चाललं. मग पडद्यावरची बायको सूटकेस ओढत त्या दोस्ताच्या घरी आली. मी चाललेय, म्हणाली, ही तुझ्याकडे ठेव, त्याला सांगू नकोस. हॉल हसला. हे मित्राच्या कानाशी मराठीत कसं म्हणायचं?

"काय म्हणाली?" वहिनीने विचारलं.

"ती... हवापालटाला जाणार आहे. नवऱ्याला माहितीये."

पुढच्या प्रसंगात नवरा येतो, दोस्त सूटकेस कपाटात कोंबून त्याला पाठ लावून उभा राहतो. लोक लोळायचे बाकी होते. मित्र मांडीवर थापा मारत खो खो हसत होता. वहिनी पुन्हा, "काय झालं?" मी म्हटलं, "कपाटात उंदीर शिरलाय."

हा मूर्खपणा मी पाऊण तास केला. घामाने शर्ट पाठीला चिकटला. मग लक्षात आलं, पलीकडचं हसू थांबलंय. मान वळवली तर मित्र पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. अरे, त्याला त्या खालच्या ओळी वाचता येत होत्या! आणि मराठी तर त्याची मातृभाषाच! एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सिनेमात शेवटी काय झालं, आठवत नाही.

गाडीत तो बसला, वहिनी शेजारी, मी मागे. किल्ली फिरवली, पण गाडी हलवली नाही. काचेवर बर्फ साचत होतं.

"सूटकेस होती ती. तू हिला उंदीर का सांगितलंस?"

आता हा मला इथेच उतरवणार, असं वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली ती हा तिच्यावर ओरडेल याची, कारण उतरून जायला तिला या देशात दुसरं दारच नव्हतं.

"काय माहितीये तुला?" त्याने आरशातून मला विचारलं.

"मी दादाला पत्र लिहिलंय," वहिनी समोर बघत म्हणाली. "घेऊन जा म्हणून. भावजींनी टाकलं."

मी दाराची कडी घट्ट धरली. पण तो ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, "याला सांगितलंस. मला का नाही?"

"तुम्ही हसला असता."

त्यावर त्याने गाडी काढली आणि आम्ही घरी आलो.

दोन महिन्यांनी ती गेली. विमानतळावर आम्ही दोघंही गेलो होतो. त्याला म्हणाली, वेळेवर जेवत जा.

"खरं सांग," परतताना हायवेवर तो म्हणाला. "हसलो असतो का रे मी?"

"हो," मी म्हणालो. "पॉटलकला चार लोकांत सांगितलंही असतंस. आणि मीही हसलो असतो."